फिरणाऱ्या डोळ्याचा कर्ता कोण?

काळ्या पडद्यावर उजळ, वक्राकार पट्टे फिरू लागतात. एकाचे दोन होतात, दोनाचे अनेक. फिरता फिरता ते आत ओढले जातात आणि मधल्या गोलाभोवती वरून एक, खालून एक असे दोन वळसे घेऊन थांबतात. डोळा तयार होतो. सोबत शहनाई वाजत असते. दूरदर्शनची ही चित्रफीत काही सेकंदांची, पण एका पिढीतल्या कोणालाही ती डोळे मिटून सांगता येते.

तिच्याविषयी लिहायला बसले की लेखणी आपसूक शेजाऱ्यांच्या दिवाणखान्याकडे, लाकडी सरकत्या दाराच्या टीव्हीकडे आणि गच्चीवरच्या अँटेनाकडे वळते. ते स्मरणरंजन दिवाळी अंकांतून पुष्कळ येऊन गेले आहे; मी ते इथे टाळतो. माझा प्रश्न साधा आहे. ही फीत बनली कशी, आणि तिचा कर्ता म्हणायचे कोणाला?

‘चिन्ह देवाशिस भट्टाचार्य यांचे, धून पंडित रविशंकर यांची’ हे उत्तर आता सर्वांना पाठ आहे, आणि ते बरोबरही आहे. पण चिन्ह कागदावर स्थिर असते आणि धून कानाची असते. आपल्या आठवणीत राहिले आहे ते फिरणे. ते या दोघांपैकी कोणाचेच नव्हे.

आधी ही फीत मुळात का करावी लागली, ते पाहू. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. ही सारी वर्षे दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. दोन्ही माध्यमे वेगळी करावीत, ही शिफारस चंदा समितीने १९६६ मध्येच केली होती. ती अमलात यायला १ एप्रिल १९७६ उजाडला. स्वतंत्र खाते झाले म्हणजे स्वतंत्र ओळख हवी. आकाशवाणीची ओळख स्वरांची होती. १९३० च्या दशकात मुंबईत आश्रयाला आलेले प्रागचे ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली ती धून आजही पहाटे ऐकू येते. रेडिओला तेवढे पुरते. दूरचित्रवाणीला मात्र दिसणारे, आणि नुसते दिसणारे नव्हे तर हलणारे काहीतरी लागणार होते.

तारखेकडे थोडे लक्ष द्यावे. १ एप्रिल १९७६ म्हणजे ऐन आणीबाणी. वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती, आणि सरकारी दूरचित्रवाणीला आकाशवाणीपासून ‘स्वतंत्र’ करून तिच्या कपाळावर डोळा रेखला जात होता. या योगायोगावर नंतर बऱ्याच कोट्या झाल्या. मला त्यात कट दिसत नाही. खाते वेगळे करण्याची फाईल दहा वर्षे जुनी होती. पण सरकार पाहते की प्रेक्षक पाहतो, ही शंका त्या चिन्हाला जन्मापासून चिकटली, हे खरे.

काम गेले अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेकडे, म्हणजे एनआयडीकडे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालातून ही संस्था उभी राहिली. साध्या लोट्याच्या घडणीत किती विचार साठला आहे, याचे त्या अहवालातले वर्णन प्रसिद्धच आहे. १९६१ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत सत्तरच्या दशकापर्यंत दृश्यसंवादाचा आणि ॲनिमेशनचा विभाग चांगला रुळला होता. भट्टाचार्य तिथे विद्यार्थी होते. वर्गातला अभ्यास म्हणून त्यांनी एका गोलाभोवती दोन वक्ररेषा काढल्या आणि ते रेखाटन शिक्षकांकडे, विकास सातवळेकरांकडे दिले. हे सातवळेकर पुढे संस्थेचे संचालक झाले. विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची अशी बरीच रेखाटने सरकारपुढे गेली. त्यांतून इंदिरा गांधींनी हे निवडले. कोणाला त्यात डोळा दिसला, कोणाला चिनी यिन-यांग.

मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. टीव्हीसाठी आकृती आखताना तेव्हा काही अटी पाळाव्याच लागत. आपल्याकडचे चित्र ६२५ आडव्या ओळींचे. त्यातल्या विषम ओळी एकदा आणि सम ओळी नंतर, अशी ती सेकंदाला पन्नास वेळा आलटून-पालटून उमटत. एखादी बारीक आडवी रेघ काढली तर ती यातल्या एकाच पाळीत सापडे आणि पडद्यावर लुकलुकत राही. शिवाय घरच्या संचाची चौकट चित्राच्या कडा खात असे, त्यामुळे महत्त्वाचा मजकूर मधोमध हवा. रंग तर नव्हताच. तो १९८२ मध्ये आला. तेव्हा आकृती जाड हवी, काळ्या-पांढऱ्यात उठून दिसणारी हवी, केंद्राभोवती तोललेली हवी. आणि इतक्या भाषांच्या देशात ती अक्षरावर उभी नसलेली बरी. भट्टाचार्यांचे चिन्ह या सगळ्या चाळण्यांतून सहज निघते.

त्यापलीकडे एक गंमत आहे. ते चिन्ह अर्धा फेरा फिरवले तर वरचा वळसा खालच्या जागी जातो, खालचा वरच्या, आणि आकृती पुन्हा तशीच दिसते. ज्याला ती फिरवायची आहे त्याच्यासाठी हे मोठेच वरदान. फिरण्याची शक्यता कागदावर होती. ती बाहेर काढायला दुसऱ्याची गरज होती.

ते दुसरे म्हणजे एनआयडीतले आर. एल. मिस्त्री. चिन्हाच्या प्रती काढून, त्या कॅमेऱ्याखाली फिरवत फिरवत, शेवटी अंतिम आकार सिद्ध होईपर्यंत त्यांनी त्या चित्रित केल्या. या विषयावरच्या लेखांत मिस्त्रींच्या वाट्याला साधारण एवढे एक वाक्य येते. ते वाक्य म्हणजे प्रत्यक्षात किती काम, हे कळायला त्या काळचे यंत्र डोळ्यांपुढे आणायला हवे.

त्याला रोस्ट्रम कॅमेरा म्हणत. उभ्या खांबावर खाली तोंड करून टांगलेला चित्रपटाचा कॅमेरा, आणि त्याच्याखाली टेबल. कॅमेरा खांबावरून वर-खाली सरकतो. टेबल चाके फिरवून डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकवता येते आणि स्वतःभोवती वळवताही येते. चाकांवर अंशांच्या आणि मापांच्या खुणा असतात. कॅमेरा सलग चालत नाही; कळ दाबली की एकच चौकट टिपतो. टेबल किंचित वळवायचे, चौकट टिपायची. पुन्हा वळवायचे, पुन्हा टिपायची. समजा, दर चौकटीला तीन अंश वळवले, तर पूर्ण फेऱ्याला १२० चौकटी लागतात. सेकंदाला २५ चौकटींच्या हिशोबाने हा फेरा पाच सेकंदांना थोडा कमी पडतो. पण सारखे तीन-तीन अंश वळवले तर हालचाल घड्याळाच्या काट्यासारखी निर्जीव होते. फिरणारी वस्तू थांबताना मंदावली पाहिजे; म्हणून शेवटी शेवटी तीनाचे दोन, दोनाचा एक, मग अर्धा, पाव. डोळा ‘मिटत नाही, स्थिरावतो’ असे आपल्याला वाटते ते या पाव अंशांमुळे.

एकाचे अनेक पट्टे दाखवायचे असले की गुंता वाढतो. फिल्म कॅमेऱ्यातच उलटी गुंडाळून सुरुवातीला आणायची आणि त्याच चौकटींवर दुसरी प्रत थोड्या वेगळ्या कोनात पुन्हा टिपायची, ही तेव्हाची रूढ रीत. काळ्या जागेतून प्रकाश येत नाही, म्हणून आधीचे चित्र तसेच राहते आणि नवे त्याच्या शेजारी उमटते. यात चुकीला जागा नाही. सातव्या फेरीत हात चुकला तर आधीच्या सहा फेऱ्या वाया. आणि चूक कळणार ती प्रयोगशाळेतून फिल्म धुऊन आल्यावर. त्यासाठी कागदावर आधीच सगळे आखून ठेवत. प्रत्येक चौकटीला एक ओळ, तिच्यात टेबलाचा कोन, कॅमेऱ्याची उंची, कोणती प्रत. या तक्त्याला डोप शीट म्हणत. दहा सेकंदांसाठी २५० ओळी. फितीचे खरे लेखन म्हणायचे तर हेच. पण तो कामापुरता कागद. काम झाले की तो जपून ठेवायचे कोणाला सुचत नसे.

आवाजाशी मेळ घालणे हा आणखी एक हिशोब. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपली दूरचित्रवाणी २५ नी. चोवीसने टिपलेली फिल्म पंचवीसने दाखवली तर ती चार टक्के लवकर संपते, आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढतो. एखाद्या नाटिकेत ते खपून जाईल. शहनाईचा षड्ज चढलेला मात्र जाणकाराच्या कानाला टोचेल. म्हणून टीव्हीसाठीचे काम पहिल्यापासून पंचवीसच्या मापाने आखत. धून रविशंकरांनी उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या साथीने सिद्ध केली. ‘सारे जहाँ से अच्छा’ला आज परिचित असलेली चाल रविशंकरांनीच पूर्वी इप्टासाठी दिली होती; तिची छाया या धुनेत ऐकू येते. शहनाईचा सूर उचलतो तसे पट्टे वेग घेतात, तो टेकतो तसा डोळा जागेवर येतो. चित्र आणि स्वर असे एकजीव झाले की दोन्हींचे श्रेय ज्याचे नाव मोठे त्याला जाते, हे ओघानेच आले.

हेच काम त्या काळात इतरत्र कसे होत होते, ते पाहिले म्हणजे मिस्त्रींची जागा नीट कळते. लंडनमध्ये बीबीसीने १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू केली. तिचे शीर्षकचित्र बर्नार्ड लॉज यांनी रेखाटलेच नाही म्हटले तरी चालेल. टीव्ही कॅमेरा त्याच्याच पडद्यासमोर धरला की आरशासमोर आरसा ठेवल्यासारखे चित्र स्वतःला गिळत जाते आणि धुरासारख्या आकृती उमटतात. त्यांनी त्यातल्या निवडून घेतल्या. तिथे यंत्र आधी, कल्पना मागाहून. उलट १९८२ मध्ये ब्रिटनच्याच चॅनल फोरसाठी मार्टिन लॅम्बी-नेर्न यांनी कल्पना आधी केली. रंगीत ठोकळे अवकाशातून उडत येतात आणि जुळून चारचा आकडा होतो. ती साकारण्याजोगी संगणक-सामग्री ब्रिटनमध्ये मिळेना, तेव्हा काम लॉस एंजेलिसला न्यावे लागले. आपला डोळा या दोन्हींच्या मधला. कल्पना कागदावर होती, यंत्र हाताशी होते, आणि दोघांचा सांधा एका माणसाच्या मनगटात होता.

दुसरा फरक नोंदींचा. अमेरिकेत एचबीओ या वाहिनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक शीर्षकफीत केली. हाताने घडवलेल्या छोट्या शहरावरून कॅमेरा उडत जातो आणि आकाशात वाहिनीची अक्षरे झळकतात. ते शहर घडवायला तीन महिने लागले. हे मला ठाऊक आहे, कारण त्या कंपनीने ही फीत कशी बनली यावरच एक छोटा माहितीपट केला. त्यात घरांना रंग देणारे, दिवे जोडणारे कारागीर काम करताना दिसतात. पैसा होता म्हणून केला, असे म्हणता येईल. पण फितीचे श्रम हीसुद्धा दाखवण्याजोगी गोष्ट आहे, असे कोणाला तरी वाटले होते.

आता मूळ प्रश्न. कर्ता कोण, हे आठवणींनी ठरत नाही, निदान कायद्यात तरी. १९७६ मध्ये लागू असलेला आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात प्रत्येक प्रकारच्या कृतीचा ‘कर्ता’ कोण, याची व्याख्या आहे. संगीतकृतीचा कर्ता संगीतकार. चित्राचा, रेखाटनाचा कर्ता चित्रकार. आणि चित्रफितीचा? ती पूर्ण होताना जो तिचा मालक, तोच कर्ता. १९९४ च्या दुरुस्तीने मालकाच्या जागी ‘निर्माता’ हा शब्द आला, एवढेच. सरकारसाठी केलेल्या कामाचे पहिले हक्क सरकारकडे जातात, तो भाग वेगळा. पण हक्क गेले तरी धुनेचे कर्ते रविशंकर राहतात, चिन्हाचे भट्टाचार्य. फिरण्याला त्या व्याख्येत वेगळी ओळ नाही. ते चित्रफितीत मोडते, आणि चित्रफीत मालकाची.

पुढे रंग आला, संगणक आला आणि ही फीत पुन्हा पुन्हा नव्याने केली गेली. आज तेच फिरणे संगणकावर पहिली आणि शेवटची जागा ठरवून दिली की मधल्या चौकटी आपोआप भरून मिळतात. थांबताना मंदावणेसुद्धा एका यादीतून निवडता येते. त्या यादीतला वळणदार आलेख पाहिला की मला अहमदाबादच्या टेबलावरचे ते चाक दिसते, आणि शेवटच्या काही चौकटींसाठी ते तीन अंशांवरून दोनावर, एकावर, अर्ध्यावर आणणारा हात.