माजी वादळ

मंडळी, राजकारणात नावामागे ‘माजी’ लागलं की माणसाभोवतीची गर्दी पांगते. वादळांचंही तसंच. ‘चक्रीवादळाचा जोर ओसरला’ अशी बातमी आली की आपण सुस्कारा सोडतो आणि चॅनेल बदलतो. पण १२ ऑक्टोबर १९६२ या दिवशी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका माजी वादळाने जे केलं, ते वाचल्यापासून माझा त्या शब्दावरचा विश्वास उडाला आहे.

माझी लेक पोर्टलंडजवळ राहते, त्यामुळे ओरेगन राज्यात माझे दोन-तीन मुक्काम झाले. तिथली जुनी माणसं नुसतं ‘कोलंबस डे स्टॉर्म’ म्हणतात, साल सांगत नाहीत. पुण्यात पानशेत म्हटलं की साल सांगावं लागत नाही, तसंच. लेकीच्या शेजारच्या आजी माझ्याच वयाच्या. त्यांच्या वडिलांची अक्रोडाची बाग होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी झाडं एकाच दिशेला डोकी करून आडवी होती, एवढंच त्यांना आठवतं.

हे वादळ मुळात ‘फ्रेडा’ नावाचं टायफून. टायफून म्हणजे आपलंच चक्रीवादळ. अटलांटिकात त्यालाच हरिकेन म्हणतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते दूर पश्चिमेला, वेक बेटाच्या बाजूला जन्मलं. उबदार समुद्राची वाफ हे अशा वादळाचं इंधन. फ्रेडा उत्तरेला थंड पाण्यावर गेलं आणि टायफून म्हणून संपलं. पण वर्गात भूगोल शिकवताना आम्ही इथेच थांबायचो, आणि खरी गंमत पुढेच आहे. मध्य अक्षांशांवर उबदार दमट हवा आणि थंड हवा यांची गाठ पडली, की त्या फरकातूनच वादळाला दुसरं इंधन मिळतं. लाकडं संपून चूल विझत यावी आणि तेवढ्यात कुणी रॉकेल ओतावं, तसं झालं. उत्तर कॅलिफोर्नियासमोरच्या समुद्रात ते पुन्हा भडकलं. केंद्रातला दाब ९६० मिलिबारच्या आसपास उतरला.

तो शुक्रवार होता. वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे धावलं आणि कॅलिफोर्नियापासून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत सगळ्यांना झोडपत गेलं. पोर्टलंडच्या मॉरिसन पुलावर वाऱ्याचा झोत ताशी १८७ किलोमीटर मोजला गेला. मॉन्मथ गावातल्या कॉलेजच्या जुन्या इमारतीचा मनोरा कोसळत असतानाच एका विद्यार्थ्याने फोटो काढला. तो आजही त्या दिवसाची ओळख आहे. ४६ माणसं गेली. आजच्यासारखा उपग्रहांचा सततचा पहारा तेव्हा नव्हता. समुद्रावर काय चाललंय ते बरंचसं जहाजांच्या निरोपांवरून ओळखायचं. खरा अंदाज आला तेव्हा हातात थोडेच तास होते.

सगळ्यात मोठी पडझड जंगलात झाली. निदान ११ अब्ज बोर्ड फूट लाकूड जमिनीवर आलं. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. ओरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या वर्षभराच्या तोडीपेक्षा हे जास्त होतं. पडलेल्या खोडांत कीड वाढून उभ्या झाडांना लागली. स्थानिक गिरण्यांना एवढं लाकूड चिरणं अशक्य, म्हणून ओंडके जपानला जाऊ लागले. तो व्यापार इतका फोफावला की गिरणी कामगारांच्या पोटावर पाय येऊ लागला, आणि १९६८ मध्ये सरकारी जंगलातल्या ओंडक्यांच्या निर्यातीवर कायद्याने मर्यादा घालावी लागली. एका संध्याकाळचं वारं, पण त्याचे हिशोब वर्षानुवर्षं चालले!

नावाचा घोळ पुढेही झालाच. २०१२ मध्ये ‘सँडी’ न्यू जर्सीच्या किनाऱ्याला लागण्याच्या जरा आधी शास्त्राच्या व्याख्येप्रमाणे हरिकेन उरलं नाही. तसं होणार हे धरून हवामान केंद्राने तिथे हरिकेनचा इशाराच दिला नव्हता, वेगळ्या नावाचे इशारे दिले. लोक गोंधळले. अखेर २०१३ मध्ये नियम बदलला: वादळ ‘माजी’ झालं तरी धोका असेतो इशारा चालू ठेवता येतो.

आपल्याकडचं उदाहरण तर ताजंच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं आणि जमिनीवर विरलं. पण त्याच्या उरलेल्या अंगाने मराठवाड्यात पूर आणले, हाताशी आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. मग तेच अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नव्या नावाने थेट ओमानवर धडकलं.

तेव्हा लातूरकडच्या आमच्या मंडळींना माझं एवढंच सांगणं, की वादळाचं नाव बातम्यांतून गेलं तरी आपल्या जिल्ह्याचा अंदाज आणखी दोन-चार दिवस बघत जा. काढलेलं पीक झाकायला तेवढी सवड पुरते.