इंद्रधनुषी जर्सी: स्त्रियांच्या जागतिक रस्ता-शर्यतीची कुळकथा

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाची स्थापना १९०० साली पॅरिसमध्ये झाली, हौशी पुरुषांचे रस्त्यावरील जागतिक अजिंक्यपद १९२१ साली कोपनहेगनला आणि व्यावसायिक पुरुषांचे १९२७ साली जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगला सुरू झाले. स्त्रियांना मात्र त्यासाठी १९५८ साल उजाडावे लागले. हा विलंब स्त्रियांच्या अनास्थेमुळे झाला, असे म्हणता येत नाही, कारण इटलीच्या आल्फोन्सिना स्त्रादाने १९२४ सालीच पुरुषांच्या ‘जिरो द’इतालिया’ या अनेक टप्प्यांच्या शर्यतीचा संपूर्ण मार्ग, वेळेच्या मर्यादेबाहेर पडल्यानंतरही, पार केला होता. अडचण होती ती मान्यतेची. ब्रिटनमध्ये आयलीन ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली स्त्री-सायकलपटूंची स्वतंत्र संघटना उभारून ही मान्यता मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे चिकाटीने पाठपुरावा केला, आणि दुसरीकडे सोव्हिएत संघाच्या तमारा नोविकोवाने १९५५ साली एका तासात ३८.४७३ किलोमीटर अंतर कापले. घड्याळाने मोजलेल्या अशा विक्रमांपुढे स्त्रियांच्या क्षमतेविषयीची शंका टिकणे अवघड होते.

पहिली शर्यत ३० ऑगस्ट १९५८ रोजी फ्रान्समधील रँस येथे झाली. रस्ता-शर्यतीत सर्व स्पर्धक एकत्र निघतात आणि अंतिम रेषा प्रथम ओलांडणारा जिंकतो. ज्या शर्यतीत प्रत्येक जण ठरावीक अंतराने एकटा सुटून केवळ वेळेशी झुंजतो, तो प्रकार निराळा, आणि स्त्रियांसाठी त्याचे जागतिक अजिंक्यपद १९९४ साली आले. रँसला लक्झेंबर्गच्या एल्सी जेकब्सने नोविकोवाला मागे टाकले आणि पांढऱ्या कापडावर निळा, लाल, काळा, पिवळा व हिरवा असे पाच पट्टे असलेली, जगज्जेत्याने वर्षभर मिरवायची ‘इंद्रधनुषी जर्सी’ प्रथमच रस्ता-शर्यतीतील एका स्त्रीच्या अंगावर चढली. त्याच नोव्हेंबरात मिलानच्या धावपट्टीवर जेकब्सने तासाभरात ४१.३४७ किलोमीटर अंतर कापले; हा विक्रम १९७२ साली मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत मोडला गेला, तोही अवघ्या १२४ मीटरांनी.

तरीही रँसला स्त्रियांच्या वाट्याला सुमारे ५९ किलोमीटरच आले, व्यावसायिक पुरुषांना मात्र अडीचशेहून अधिक. स्पर्धेला मान्यता देतानाही संयोजकांच्या मनातील अविश्वास पुरता गेलेला नव्हता, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसते, आणि जेकब्सच्या तासाभराच्या विक्रमाशेजारी तो अविश्वास अन्याय्यच ठरतो. पुढे बेल्जियमच्या इव्हॉन रेंडर्सने चार, तर फ्रान्सच्या जानी लाँगोने पाच वेळा ही शर्यत जिंकली. ऑलिंपिकने मात्र १८९६ सालापासून पुरुषांना दिलेला रस्ता स्त्रियांना १९८४ साली, लॉस एंजेलिसमध्ये, खुला केला.

रवांडातील किगाली येथे २०२५ साली हे अजिंक्यपद प्रथमच आफ्रिका खंडात भरले. तेथे स्त्रियांची मुख्य शर्यत १६४.६ किलोमीटरांची होती आणि ती कॅनडाच्या मॅग्डलेन व्हालिएरने जिंकली. तेवीस वर्षांखालील पुरुषांना १९९६ सालापासून मिळत आलेली स्वतंत्र जागतिक रस्ता-शर्यत त्याच वयोगटातील स्त्रियांना मिळाली, तीही किगालीतच, एकोणतीस वर्षांनंतर.