सामाईक खात्याचा कारभारी

श्रोतेहो, वाटणी होता होता वावराच्या पट्ट्या कशा उरतात, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. बांधावरून भांडणं होतात, विहिरीच्या पाळ्या लागतात आणि शेवटी कुणालाच धड पिकत नाही. आजची हकिगत जपानातली आहे. ती वावराची नसून मुलांच्या एका खेळाची आहे. पण प्रश्न तोच आहे : मिळकत तिघांची, तर कारभार कुणी पाहावा?

या खेळाचं नाव पोकेमॉन. त्यातला पिकाचू नावाचा पिवळा प्राणी आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही दूरचित्रवाणीमुळे ठाऊक आहे. 'पॉकेट मॉन्स्टर', म्हणजे खिशात मावणारे अचाट प्राणी, याचं हे आटोपशीर रूप. त्याचा जनक सातोशी ताजिरी. त्याचा जन्म १९६५ सालचा. तोक्यो शहराच्या कडेला माचिदा येथे तो वाढला. ओढ्याकाठी, डबक्यांत किडे शोधण्याचा त्याला भारी नाद. पुढे शहर पसरत आलं, डबकी बुजली, शेतांवर घरं उठली आणि किडेही गेले. मग या मुलाचं मन यंत्रांवरच्या खेळांत रमलं. १९८३ साली त्याने त्या खेळांविषयी 'गेम फ्रीक' नावाचं हस्तलिखित नियतकालिक काढलं आणि १९८९ साली त्याच नावाची कंपनी काढली.

निन्टेन्डो ही क्योतोची जुनी पेढी. १८८९ साली ती पत्त्यांचे जोड करून विकू लागली होती. शंभर वर्षांनी, १९८९ सालीच, तिने 'गेम बॉय' हे हातात मावणारं खेळाचं यंत्र बाजारात आणलं. अशी दोन यंत्रं तारेने जोडता येत. ताजिरीच्या मनात आलं, या तारेवरून एखादा किडा पलीकडच्या मुलाकडे चालत गेला तर? या कल्पनेचा खेळ व्हायला सहा वर्षं लागली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो निघाला, तोही तांबडा आणि हिरवा अशा दोन प्रकारांत. काही प्राणी एकात, तर काही दुसऱ्यात. अदलाबदल केल्यावाचून कुणाचाच संग्रह पुरा होईना!

खेळाच्या घडणीत त्सुनेकाझू इशिहारा यांच्या 'क्रीचर्स' कंपनीचाही हात होता. अशा रीतीने गेम फ्रीक, निन्टेन्डो आणि क्रीचर्स असे तीन धनी झाले. १९९६ सालीच पत्ते निघाले, एप्रिल १९९७ मध्ये चित्रमालिका सुरू झाली. मागोमाग खेळणी आली, खाऊवर चित्रं आली.

आणि मग १६ डिसेंबर १९९७ ची ती संध्याकाळ आली. मालिकेच्या एका भागात तांबडा-निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला आणि पाहता पाहता मुलांना झटके येऊ लागले. सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयांत न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद राहिली. असा लखलखाट दाखवण्यावर नवे निर्बंध आले. मुलांच्या वस्तूचा धंदा करायचा तर पैशाबरोबर जबाबदारीचाही हिशेब ठेवावा लागतो, हे त्या दिवशी सगळ्या जपानला कळलं.

१९९८ साली तिघा धन्यांनी मिळून एक कंपनी काढली. आधी तिचं काम दुकानं चालवण्याचं होतं. परवानग्या मागणाऱ्यांची रीघ वाढली, तसा कारभारही वाढला आणि २००० साली तिचं नाव 'द पोकेमॉन कंपनी' झालं. इशिहारा तिचे प्रमुख झाले. तिघांनी आपापली घरं राखली; गेम फ्रीक खेळ रचतच राहिली. पण पोकेमॉनचं चित्र कोणत्या मालावर छापावं, प्राणी कसा दिसावा, हे एका ठिकाणी ठरू लागलं. मिळकत वाटली नाही, म्हणून तिच्या पट्ट्या झाल्या नाहीत. २०१६ साली 'पोकेमॉन गो' निघाला, तेव्हा देशोदेशीची माणसं फोन हातात धरून हे प्राणी शोधत रस्तोरस्ती हिंडली.

इथे एक गोष्ट मात्र मनाला लागते. ताजिरी लहानपणी जे फुकट धुंडाळत होता, ते आज मुलं विकत घेतात. कंपनीने चित्रातल्या प्राण्यांना चांगला कारभारी दिला. डबक्यातल्या किड्यांना तसा कुणी मिळाला नव्हता. आपल्या गावचा ओढाही सामाईकच असतो. तो अजून वाहता असेल, तर गुरुजी, मुलांना एकदा तिकडे घेऊन जा, आणि त्याचा कारभारी कोण, हेही त्यांना विचारा.