अडलं ते टोपीपाशी

१८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली नक्कल घ्यायची, दारू ठासून चालवायची, असा छंद अमेरिकेत बरेच जण करतात. तिथल्या १९६८ च्या कायद्याने ती पुराणवस्तूंत मोडते. तुम्ही पावण्यात बसून तशी मागवायला गेलात तर? आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या घडणीच्या हत्याराला मोकळीक आहे, पण अट अशी की दुरुस्त करूनही त्यातून गोळी सुटता कामा नये. चालणारी नक्कल म्हणजे सरळ बंदूकच, परवाना हवाच.

या परवान्याचं मूळ १८७८ च्या लिटनच्या कायद्यात सांगतात. मला त्याआधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. या रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक घरात सुटी दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की आतलं स्फोटक रसायन पेटतं. दारू आपल्याकडे पूर्वापार बनायची, शिसंही मिळायचं. टोपी मात्र नाही! १८५७ मध्ये दिल्लीत उठाव केलेल्या शिपायांना नेमकी टोप्यांचीच चणचण पडली. त्यांच्या बंदुकाही टोपीच्याच होत्या ना. पत्रा दाबणं आणि रसायनं, दोन्ही आज पावणे एमआयडीसीत शेजारी-शेजारी चालतात, म्हणून हे नवल वाटतं.

इंग्रजांनी १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना काढला, अर्थात स्वतःच्या फौजेसाठी. नऊ वर्षांनी परवान्याचा कायदा आला. युरोपियनांना त्यातून सूट होती.