स्नानसंस्कार (बाप्तिस्मा)

स्नानसंस्कार : कॅथलिक ख्रिस्ती पंथातील सात संस्कारांपैकी पहिला संस्कार. ‘बुडविणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास बाप्तिस्मा असेही म्हणतात. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने उमेदवाराच्या मस्तकावर तीनदा पाणी ओततात किंवा त्याला तीनदा पाण्यात बुडवितात. त्यायोगे आदिपापाचे क्षालन होते, व्यक्ती ख्रिस्ताच्या मृत्यूत व पुनरुत्थानात सहभागी होते आणि चर्चची घटक बनते, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. या संस्काराची आत्म्यावरील मुद्रा अमिट मानली असल्याने तो एकदाच दिला जातो. सामान्यतः बिशप, धर्मगुरू वा डीकन तो देतात; प्राणसंकटात मात्र योग्य हेतू असल्यास ख्रिस्तीतर व्यक्तीही तो देऊ शकते.

आरंभीच्या शतकांत प्रौढ उमेदवारांना दीर्घ धर्मशिक्षणानंतर, विशेषतः ईस्टरच्या रात्री, हा संस्कार देत. सेंट ऑगस्टीनने तो ३८७ मध्ये मिलान येथे घेतला. बालकांचा स्नानसंस्कारही प्राचीन आहे. परंतु तर्तुलियनने सु. २०० मध्ये तो लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला होता. पुढे ऑगस्टीनच्या आदिपापविषयक विवेचनामुळे बालसंस्काराची प्रथा दृढ झाली. बालकास स्वतःची श्रद्धा व्यक्त करता येत नाही. म्हणून ते चर्चच्या श्रद्धेने संस्कार स्वीकारते, असे मानले गेले.

यातूनच संमतीचा प्रश्न उद्‌भवला. ख्रिस्तीतरांच्या मुलांना पालकांच्या इच्छेविरुद्ध स्नानसंस्कार देणे नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे, असे सेंट टॉमस अक्वाय्‌नसने तेराव्या शतकात प्रतिपादन केले. प्रत्यक्ष व्यवहारात हे तत्त्व नेहमीच पाळले गेले नाही. १५५९ च्या पोर्तुगीज राजाज्ञेने गोव्यातील हिंदूंची अनाथ मुले बाप्तिस्म्यासाठी जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयाकडे सोपविण्याची तरतूद केली. बोलोन्या येथे एदगार्दो मोर्तारा या ज्यू बालकास घरातील मोलकरणीने आजारपणात गुप्तपणे बाप्तिस्मा दिल्याचे कळताच १८५८ मध्ये पोपच्या सत्तेखालील पोलिसांनी त्यास आईवडिलांपासून हिरावून नेले. यूरोप-अमेरिकेत निषेध होऊनही पोप नववा पायस याने त्यास परत केले नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र विधी तयार झाला. पूर्वी बालकास उद्देशून विचारलेल्या प्रश्नांना धर्ममातापिता उत्तरे देत. नव्या विधीत मातापित्यांनाच त्यांच्या श्रद्धेविषयी व जबाबदारीविषयी विचारले जाते. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार किमान एका पालकाची अथवा त्यांच्या जागी असलेल्या कायदेशीर व्यक्तीची संमती आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा आवश्यक आहे. अशी आशा मुळीच नसेल, तर संस्कार पुढे ढकलावा लागतो. मरणासन्न बालकाबाबतचा अपवाद मात्र संहितेने ठेवला आहे. त्यास पालकांच्या इच्छेविरुद्धही संस्कार देता येतो.

संस्कारासाठी पालक जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंशी संपर्क साधतात व पूर्वतयारीत भाग घेतात. एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता, अथवा दोघेही निवडता येतात. धर्मपालक सामान्यतः किमान १६ वर्षांचा, दृढीकरणसंस्कार झालेला कॅथलिक असावा. बालकाचे आईवडील ही भूमिका घेऊ शकत नाहीत. नाव संताचेच असावे असे बंधन नाही. ते ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावे, एवढीच अपेक्षा असते. जलविधीनंतर तैलाभ्यंग करून शुभ्र वस्त्र व ईस्टरच्या मेणबत्तीवरून पेटविलेली मेणबत्ती देतात. शेवटी धर्मग्रामाच्या नोंदवहीत नोंद करतात. पुढे धार्मिक विवाहादी प्रसंगी तिचा उतारा लागतो.

स्नानसंस्काराविना मरण पावलेल्या बालकांच्याही तारणाची आशा धरण्यास आधार आहे, असे आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये म्हटले. संस्काराची आवश्यकता त्याने नाकारली नाही. तथापि ज्या भीतीपोटी पूर्वी घाई व क्वचित बळजोरीही झाली, तिचा आधार त्यामुळे दुबळा झाला.