मॉरिशस बेट, ऊस आणि पाऊस

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. कोयते बाहेर निघतात, मुकादमाची उचल कधीच खर्च झालेली असते. अशा दिवसांत आज समुद्रापारच्या एका फडाची हकिगत सांगते. तिथेही मराठी माणसांनीच ऊस तोडला.

मॉरिशस हे आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरातलं एक बेट. आपल्या जिल्ह्यात अशी पाच बेटं सहज बसतील. डच लोक 1638 मध्ये तिथे राहायला आले, तेव्हा बेट जंगलाने भरलेलं होतं. त्यांनी काळ्या लाकडाची मोठमोठी झाडं तोडून नेली आणि जावा बेटावरून ऊस आणून लावला. डोडो नावाचा न उडणारा पक्षी फक्त तिथेच होता. माणसं आली, त्यांच्यासोबत डुकरं आणि उंदीर आले, आणि त्याच शतकात तो पक्षी जगातून नाहीसा झाला.

मग फ्रेंच आले. 1767 मध्ये त्यांच्या राजाने पिएर प्वाव्र नावाचा अधिकारी तिथे पाठवला. त्याच्या आडनावाचा अर्थ मिरी, आणि गडीही मसाल्यांच्या मागे लागलेला. लवंग-जायफळाची रोपं त्यानेच बेटावर आणवली. पण त्याचं मोठं काम वेगळंच आहे. झाडं गेली तर पाऊस जाईल, असं तो ठामपणे म्हणत होता. 1769 मध्ये नियम झाला: प्रत्येक जमीनदाराने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा जंगल म्हणून राखायचा, आणि तोही मुख्यतः डोंगरउतारावर. उघड्या पडलेल्या जागी पुन्हा झाडं लावायची. पाण्याच्या काठापासून 200 यार्डांच्या आतलं जंगल तोडायचं नाही. पावसासाठी जंगल राखायचं, असं सांगणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या नियमांपैकी हा एक. इकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते.

नियम चांगलाच होता. पण 1810 मध्ये बेट इंग्रजांनी घेतलं, आणि 1825 मध्ये तिथल्या साखरेवरचा जादा कर इंग्लंडने काढून टाकला. साखरेत पैसा दिसू लागल्यावर चौथा हिस्सा कोण राखतो? डोंगर उतरणीला लागले तसा ऊस वर चढला. कारखान्यांच्या भट्ट्यांनाही लाकूडच लागायचं. 1836 मध्ये बेटाचा निम्म्याहून जास्त भाग जंगलाखाली होता, तो 1880 पर्यंत चार टक्क्यांच्या आसपास आला. आपण हसू नये. आपल्या जिल्ह्यात आज शंभरातले तीन भागसुद्धा जंगल नाही.

एवढा ऊस तोडायला माणसं हवी होती. गुलामगिरी 1835 मध्ये संपली, आणि तिच्या जागी गिरमिट आलं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून जहाजं भरून माणसं गेली. 1834 पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली मराठी माणसं होती. जहाजांवर बायका सुरुवातीला फार थोड्या. पोर्ट लुई बंदरात ती माणसं जिथे उतरली, त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि 2006 पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी मराठी अजून टाकलेली नाही. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते.

त्या मळ्यांवरची एक रीत तुम्हाला मुद्दाम सांगते. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापायचे. आपल्याकडे याला खाडा म्हणतात, म्हणजे जास्त समजावून सांगायला नको.

आता अलीकडचं बघू. 25 जुलै 2020 रोजी वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं जहाज बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या खडकावर चढलं. बारा दिवस ते तिथेच अडकून होतं. 6 ऑगस्टला तेल गळू लागलं, सुमारे हजार टन तेल मासेमारीच्या निळ्या पाण्यात पसरलं. दुसऱ्या दिवशी सरकारने पर्यावरण आणीबाणी जाहीर केली. काम अधिकाऱ्यांवर सोडा, असं लोकांना सांगितलं, पण कोणी ऐकलं नाही. तिकडे ऊसतोडीचा हंगाम जूनपासून असतो, म्हणून फडात पाचट पडलेलं होतं. लोकांनी ते गोळा केलं, कापडात भरून लांबच लांब पिशव्या शिवल्या, तरंगायला रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि त्यांचे बांध पाण्यावर सोडले. जे पाचट आपण काडी लावून मोकळे होतो, त्याने तिथे तेल अडवलं. 29 ऑगस्टला हजारो माणसं काळे कपडे घालून राजधानीच्या रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या संसदेने हवामान बदलाचा कायदा केला.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा एक लहानशी गोष्ट मोठी वाटते. मॉरिशस देशाचंच रॉड्रिग्ज नावाचं आणखी एक छोटं बेट आहे. तिथल्या बायका भरती ओसरली की गुडघाभर पाण्यात चालत जातात आणि लोखंडी सळईने ऑक्टोपस पकडतात. हा आठ हातांचा मऊ जीव. त्यावरच कित्येक घरांची चूल पेटते. पिल्लं मोठी व्हायच्या आतच पकडली जायची, म्हणून ऑक्टोपस कमी झाले. मग 2012 मध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर असे दोन महिने पकडणं बंद ठेवायचं ठरलं. पण नुसती बंदी घातली नाही. ज्यांचं काम थांबलं, त्यांना तेवढे दिवस किनारा साफ करण्यासारखं दुसरं काम आणि त्याची मजुरी दिली. आपल्या रोजगार हमीसारखंच म्हणा. बंदी उठल्यावर जास्त मोठे, जास्त वजनाचे ऑक्टोपस हाती लागले, आणि ही बंदी पुढेही पाळली गेली.

1769 च्या नियमात झाडांचा हिशेब होता, पाण्याचा होता. रॉड्रिग्जच्या नियमात पाण्यात उभ्या असलेल्या बाईच्या दोन महिन्यांच्या मजुरीचाही होता.

हे आज सांगायचं कारण आहे. आपल्या मराठवाड्यातला ऊस कमी करायला हवा, ही चर्चा जुनीच आहे. 2019 मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तालयानेही पाणीटंचाईमुळे इथलं उसाचं पीक थांबवावं, अशी शिफारस सरकारकडे केली होती. उसाला पाणी किती लागतं हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन तुम्हीच उभ्या असता. पण उद्या ऊस खरंच कमी झाला, तर कोयत्याच्या सहा महिन्यांच्या मजुरीचं काय? आणि ती उचल फेडायची कशातून? तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा हिशेब मांडा, आणि तुमचा आकडा किती निघतो ते आम्हाला रेडिओवर कळवा.