‘पडीक’ म्हटलेली जमीन : ड्रेन्तेच्या माळावरील पायवाटा

१/ नेदरलँड्सच्या ईशान्येला ड्रेन्ते नावाचा प्रांत आहे. तेथे डोंगर नाहीत, समुद्रकिनारा नाही. ओक वृक्षांच्या छायेतील खेडी, वळणे घेत वाहणाऱ्या लहान नद्या आणि ऑगस्टमध्ये जांभळ्या फुलांनी भरून जाणारे हेदरचे माळ, एवढेच त्याचे वैभव. देशाच्या उत्तर टोकाजवळून निघून दक्षिणेस मास्त्रिख्तपर्यंत जाणारी सुमारे ५०० किलोमीटरची ‘पीटरपाड’ ही पायवाट याच प्रांतातून जाते.

२/ टूस खोरहाउस-त्याल्स्मा आणि बेर्ट्ये येन्स या दोन स्त्रियांनी ती आखली. १९८३ मध्ये ती खुली झाली. या वाटेवर हेदरचा माळ लागला की येथे मनुष्याचा हात लागलेला नाही, असे सहज वाटून जाते. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. या माळांची कथा ‘पडीक’ या एका शब्दाभोवती फिरते.

३/ आधी माळ कसा निर्माण झाला ते पाहू. येथील जमीन रेताड आणि निकस. अश्मयुगापासून शेतीसाठी जंगल तुटत गेले आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर हेदर हे खुरटे झुडूप पसरले. मेंढ्या त्यावर चरत आणि नवी झाडे वर येऊ देत नसत. चराई थांबली, की काही वर्षांत बर्च आणि पाइन माळाचा ताबा घेतात. म्हणजे माळ टिकला तो मेंढ्यांमुळे आणि त्यांना राखणाऱ्या माणसांमुळे.

४/ या मेंढ्यांचे मोल मुख्यतः त्यांच्या लेंडीखतात होते. रात्री त्यांना खोलगट वाड्यात कोंडत. माळावरून खरवडून आणलेले हेदरचे मुळांसकट थर खाली अंथरत. त्यात लेंड्या मुरल्या, की ते खत गाडीने ‘एस’ या सामाईक शेतावर नेत. शतकानुशतके हे चालल्याने काही शेते अर्ध्या मीटरहून अधिक उंचावली. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतात, त्यामागचे गणित हेच आहे.

५/ थोडक्यात, माळाचा कस उचलून शेताला दिला जाई. शेत श्रीमंत होई, माळ भुकेला राही, आणि हेदरला भुकेलीच जमीन मानवते. आज ज्या जांभळ्या रंगासाठी लोक दुरून येतात, तो या अर्थाने दारिद्र्याचा रंग आहे.

६/ माळ कोणा एकाचा नव्हता. ‘मार्के’ नावाची गावकऱ्यांची संस्था त्याचा कारभार पाही. कोणी किती मेंढ्या सोडायच्या, थर कोठे खरवडायचे, नदीकाठचे गवत कोणी कापायचे, हे ती ठरवी. मर्यादा ओलांडली तर काय होते, हेही गावकऱ्यांना ठाऊक होते : वाळू मोकळी होऊन शेतांवर चाल करून येई. ड्रोवेनजवळचे वाळूचे पट्टे आजही त्याची आठवण देतात.

७/ या माळांवरील सर्वांत जुनी वास्तू म्हणजे ‘ह्यूनेबेड’. हिमयुगात उत्तरेकडून बर्फाबरोबर वाहत आलेल्या प्रचंड शिळा रचून सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी ही थडगी उभारली. नेदरलँड्समध्ये ती ५४ उरली आहेत आणि त्यांपैकी ५२ ड्रेन्तेत आहेत. बोर्गर येथील सर्वांत मोठे थडगे २२ मीटरहून लांब आहे. रोल्डे गावात तर चर्चच्या मागेच अशी दोन आहेत.

८/ ही थडगी वाचली ती एका किड्यामुळे, असे म्हटले तरी चालेल. १७३० च्या दशकाच्या आरंभी जहाजकिड्याने समुद्रबांधांचे लाकूड पोखरले. लाकडाऐवजी दगड लावणे भाग पडले आणि दगडाला भाव आला. माळावरच्या शिळा फुटू लागल्या. तेव्हा, १७३४ मध्ये, ड्रेन्तेच्या शासनाने ह्यूनेबेडचे दगड काढण्यास मनाई केली. प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी युरोपात झालेल्या अगदी आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते.

९/ शिळांना संरक्षण मिळाले. माळाला मिळाले नाही. सरकारी भाषेत अशा जमिनींना ‘वूस्टे ग्रोंडेन’, म्हणजे ओसाड वा पडीक जमिनी, म्हणत. मेंढपाळाच्या लेखी ती खताची खाण होती, कारकुनाच्या लेखी ती रिकामी जागा होती. एकदा जागा रिकामी ठरली, की तेथे काय पाठवायचे हे दूरच्या शहरात ठरू लागते.

१०/ १८१८ मध्ये योहानस व्हान डेन बॉस याने ‘उपकार संस्था’ स्थापन केली. शहरांतील गरिबांना माळावर वसवून शेती करायला लावायची, अशी ही योजना होती. फ्रेडरिक्सओर्ड येथे कुटुंबे आली. फेनहाउझेन येथे अनाथ मुले, भिकारी आणि भटके सक्तीने ठेवले गेले. हाच गृहस्थ १८३० मध्ये जावा बेटावर गव्हर्नर-जनरल म्हणून गेला आणि तेथील शेतकऱ्यांवर त्याने सक्तीची लागवड लादली. या वसाहती २०२१ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

११/ एकोणिसाव्या शतकात मार्केंच्या जमिनी वाटल्या गेल्या. शतकाच्या अखेरीस रासायनिक खत आले आणि मेंढीच्या लेंडीची गरज संपली. गरज संपताच माळही निरुपयोगी ठरला. १८८८ मध्ये माळ लागवडीखाली आणण्यासाठी एक संस्था निघाली; पुढे १९३० च्या दशकात बेकारांकडून फावड्याने जमीन उलथवून घेण्यात आली. हजारो वर्षांत घडलेला माळ दोन-तीन पिढ्यांत बहुतांशी नाहीसा झाला.

१२/ १९३९ मध्ये जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांसाठी छावणी हवी होती. पहिली जागा एल्स्पेटजवळ सुचवली गेली. ती राणीच्या हेट लो राजवाड्यापासून पुरेशी दूर नाही, अशी हरकत आली. मग ड्रेन्तेचा माळ निवडला गेला. तीच वेस्टरबोर्क छावणी. देशावर ताबा मिळवल्यावर नाझींनी जुलै १९४२ पासून तिचा उपयोग मृत्युछावण्यांकडे लोक पाठवण्यासाठी केला.

१३/ आरंभीचे काही महिने रेल्वेचा फाटा छावणीपर्यंत आला नव्हता. होगहालन स्थानक आणि छावणी यांमधील सुमारे पाच किलोमीटर अंतर लोकांना सामानासह पायी तुडवावे लागे. आज त्याच परिसरातून हौशी पदयात्री जातात. नेदरलँड्समधून नेलेल्यांपैकी १,०२,००० माणसे परतली नाहीत. छावणीच्या मैदानावर त्यांच्यासाठी प्रत्येकी एक, असे १,०२,००० दगड उभे आहेत.

१४/ नद्यांची कथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. विसाव्या शतकात ड्रेन्तेतील बहुतेक ओढे सरळ कालव्यांसारखे करण्यात आले. ‘ड्रेन्ट्स आ’ या नदीची वळणे बव्हंशी वाचली, कारण १९६० च्या दशकात हॅरी द व्ह्रूम या भूदृश्यकाराने नदी, कुरणे, शेते आणि माळ हे सारे एकत्र राखण्याचा आराखडा मांडला. २००२ मध्ये त्या खोऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथे शेतीही चालते आणि गावेही नांदतात.

१५/ आज माळाच्या रक्षणासाठी मेंढ्यांचे कळप मुद्दाम पाळले जातात. अडचण वेगळीच आहे : आधुनिक पशुपालनातून आणि वाहनांतून निघणारा नायट्रोजन हवेतून माळावर उतरतो, जमीन सकस होते आणि हेदरच्या जागी गवत माजते. पूर्वी खत माळावरून बाहेर जाई. आता ते आकाशातून आत येते.

१६/ बालो गावाजवळच्या माळावर जुन्या मालगाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. ज्या जमिनीवर इतकी चाके फिरली, मेंढ्या चरल्या, न्यायसभा भरल्या आणि माणसे पुरली गेली, तिला ‘पडीक’ म्हणणे हा निव्वळ वर्णनाचा प्रश्न नव्हता. तो अधिकाराचा प्रश्न होता. आपल्या माळरानांची आणि गायरानांची नोंद सरकारदप्तरी कोणत्या शब्दाने होते, याकडे आपणही म्हणूनच लक्ष द्यावयास हवे. जमिनीचे पुढे काय होणार, हे पुष्कळदा त्या एका शब्दाने आधीच ठरवून टाकलेले असते.